दप्तर हलविताना हिशेब हलू नये

दुकानाची जागा बदलणे फारसे अवघड नसते. चार हमाल, एक टेंपो आणि एक सुट्टीचा दिवस एवढ्यात तागे, कपाटे, गादी, मीटरपट्टी सारे नव्या जागी जाते. काय मागे राहिले ते डोळ्यांना दिसते. संगणकातील दप्तर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना मात्र काय राहिले ते दिसत नाही. ते कळते सहा महिन्यांनी, जेव्हा एखादे गिऱ्हाईक म्हणते की, "हे पैसे तर मी गेल्या वर्षीच दिले." त्या वेळी खरे कोणाचे हे ज्याने सांगायचे, ते दप्तरच गडबडलेले असते.

हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे, आपला नव्हे, असे पुष्कळ व्यापाऱ्यांना वाटते. हा समज आता सोडला पाहिजे. इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे काही मोठ्या पेठेचे गाव नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्याच्या या पट्ट्यात ऊस आहे, दूध आहे आणि त्यांच्या जोरावर चालणारी लहान दुकाने आहेत. कापड दुकान असो, खत-बियाण्यांचे दुकान असो की दूध संकलन केंद्र, हिशेब आज संगणकातच असतो. येथील व्यवहार उधारीवर चालतो आणि उसाचे बिल हाती आले की उधारी फिटते. म्हणजे वर्षभराची कमाई दुकानदाराच्या गल्ल्यात नसून दप्तरात असते. ते दप्तर हलवायचे तर आपण नेमके काय हलवीत आहोत, हे समजून घेणे भाग आहे.

दप्तर का हलवावे लागते

पुष्कळ दुकानांतील जुने प्रोग्रॅम फॉक्सप्रोवर लिहिलेले होते. फॉक्सप्रो १९९२ साली मायक्रोसॉफ्टकडे गेले. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली आली व कंपनीने त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये पूर्णपणे बंद केला. अजूनही काही ठिकाणी हे प्रोग्रॅम चालतात, पण चालविणारा जुना संगणक बंद पडला की पंचाईत होते. काही जण ॲक्सेसवर होते. तेथे एका फाइलची मर्यादा दोन जीबी. काही जण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची मोफत आवृत्ती वापरतात. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिची मर्यादा दहा जीबी होती. धंदा वाढला, शाखा झाली, मोबाइलवर हिशेब पाहायचा झाला की यांतून बाहेर पडावे लागते. मग कोणी मायएसक्यूएलकडे जातो, कोणी पोस्टग्रेसकडे. ही दोन्ही मोफत मिळतात, हेही एक कारण आहे.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ॲमेझॉन कंपनीने आपल्या अंतर्गत कामाचे सुमारे साडेसात हजार ओरॅकल डेटाबेस स्वतःच्या प्रणालींवर हलविले आणि ते काम २०१९ साली पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यांच्याकडे माणसांची फौज होती. आपल्याकडे बहुधा बारामतीहून येणारा एक संगणकवाला असतो. म्हणूनच काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक हवे.

नात्यांचे दप्तर

या प्रणालींना रिलेशनल डेटाबेस म्हणतात. ही कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आपल्या भाषेत सांगायचे तर हे रोजमेळ आणि खतावणीचेच नाते आहे. गिऱ्हाइकांचा एक तक्ता, मालाचा एक तक्ता, बिलांचा एक तक्ता आणि वसुलीचा एक तक्ता. बिलाच्या तक्त्यात गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव-गाव पुन्हा लिहिलेले नसते, फक्त त्याचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून संगणक गिऱ्हाइकाच्या तक्त्यात जाऊन नाव शोधतो.

यात सोय आहे तसा धोकाही आहे. हलविताना तक्ते सगळे पोचले, पण क्रमांकांचे धागे तुटले, तर बिले उरतात आणि ती कोणाची हे कळत नाही. नव्या प्रणालीत असा नियम बसविता येतो की, ज्या गिऱ्हाइकाचा क्रमांक मूळ तक्त्यात नाही त्याचे बिल स्वीकारूच नये. घाईत असलेला माणूस हा नियम काढून ठेवतो, कारण नियम असला की जुन्या दप्तरातील कुजलेल्या नोंदी अडकतात व काम थांबते. आमचे म्हणणे असे की, थांबू द्यावे. अडकलेली प्रत्येक नोंद म्हणजे विचारण्याजोगा एक प्रश्न आहे.

फॉक्सप्रोची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. तेथे नोंद खोडली म्हणजे ती नाहीशी होत नसे, तिच्यावर फक्त खोडल्याची खूण होत असे. फाइल मुद्दाम आवळून घेतल्याखेरीज ती नोंद आतच राही. हलविणाऱ्याने त्या खुणेकडे लक्ष दिले नाही तर रद्द केलेली बिले नव्या दप्तरात जिवंत होऊन उभी राहतात आणि फिटलेल्या माणसाच्या नावावर पुन्हा येणे दिसू लागते.

बिलांचा अनुक्रमांकही पाहावा. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत पुढचा क्रमांक देणारा मोजणारा वेगळा असतो. जुनी बिले आत भरली म्हणून तो आपोआप पुढे सरकत नाही. त्याला शेवटच्या बिलाच्या पुढे नेऊन ठेवावे लागते. नाही तर नवे बिल एक क्रमांकापासून सुरू होऊ पाहते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक सलग व त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा, त्यामुळे हा केवळ संगणकाचा प्रश्न राहत नाही.

नाव ही ओळख नव्हे

शेळगाव हेच नाव घ्या. जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यात शेलगाव आहे. मराठीत ळ आणि ल यांनी ही गावे वेगळी होतात, पण रोमन लिपीत दोन्ही एकाच तऱ्हेने लिहिली जातात. जो प्रोग्रॅम मराठी नावे आधी रोमनमध्ये करून मग परत मराठीत आणतो, तो ळ हरवून बसतो. म्हणूनच सरकारी दप्तरात प्रत्येक गावाला वेगळा सांकेतांक दिलेला असतो.

माणसांच्या नावांत हा घोळ अधिक होतो, आणि आपल्या समाजाला त्याचा अनुभव नवा नाही. एकच माणूस एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद आणि तिसऱ्यावर मुहम्मद असतो. उर्दूत हे नाव एकाच तऱ्हेने लिहिले जाते. देवनागरीत आणताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. आता दप्तर हलविताना संगणकवाला म्हणतो, "नावावरून जुळवून एकत्र करून देतो." येथे सावध राहावे. नावावरून जुळविले तर एका माणसाची दोन खाती होतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एकाच नावाच्या दोन माणसांचे एक खाते होते. गावात एकाच नावाचे दोन शेख असणे ही नवलाची गोष्ट नाही. एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी मारली गेली तर तो हिशेबातील दोष राहत नाही, तो हुकूक-उल-इबादचा, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न होतो. तेव्हा जुळवणी जुन्या खाते क्रमांकावरूनच व्हावी आणि जुना क्रमांक नव्या दप्तरात एका वेगळ्या रकान्यात कायम ठेवावा.

अक्षरांचा हिशेब

जुन्या मराठी प्रोग्रॅममधील मजकूर दोन प्रकारचा असे. काही इस्की या भारतीय संकेतात होता, ज्याचे प्रमाण १९९१ साली ठरले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे या क्षेत्रातील काम सर्वश्रुत आहे. काही मजकूर मात्र नुसत्या फाँटच्या आधाराने उभा होता, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वर मराठी चेहरा. फाँट बदलला की तोच मजकूर निरर्थक दिसतो. आजच्या प्रणाली युनिकोडवर चालतात. म्हणून दप्तर हलविताना अक्षरांचेही रूपांतर करावे लागते.

त्यात एक हिशेब असा आहे. इस्कीमध्ये एका चिन्हाला एक बाइट जागा लागे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'अब्दुर्रहमान' हे नाव घ्या. हलन्त, काना, उकार धरून त्यात बारा चिन्हे होतात. जुन्या दप्तरात त्याला बारा बाइट पुरत, नव्यात छत्तीस लागतात. ओरॅकलसारख्या प्रणालीत रकान्याची लांबी मुद्दाम अक्षरांत सांगितली नाही तर ती बाइटमध्ये धरली जाते. नावाचा रकाना तीसचा ठेवला तर हे नाव त्यात मावत नाही. काही प्रणाली अशा वेळी नोंद नाकारतात. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या मात्र नेहमीच्या मांडणीत न मावणारा मजकूर कापून पुढे जात, फक्त एक सूचना नोंदवीत. २०१५ सालच्या ५.७ आवृत्तीपासून कडक तपासणी ही नेहमीची रीत झाली. जुन्या मायएसक्यूएलमधून आलेल्या दप्तरात अर्धवट नावे आढळली तर कारण येथे शोधावे.

नुक्त्याचेही असेच आहे. उर्दू नावांतील ज़ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येते, एकसंध किंवा ज आणि नुक्ता असे वेगळे. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. शोध घेतला तर एक सापडते, दुसरे सापडत नाही. हलवितानाच सर्व नावे एका पद्धतीत आणून घेतली की पुढचा त्रास वाचतो.

तारीख, पैसा आणि रिकामा रकाना

५/६ ही तारीख आपल्याला पाच जून वाटते, अमेरिकन रीतीने ती सहा मे होते. बारा तारखेपर्यंतच्या सर्व तारखा अशा बदलू शकतात आणि संगणक तक्रार करीत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. व्यापाऱ्याला यातून प्रत्यक्ष नुकसान आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी, वेगळी मुदत ठरली नसेल तर, माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. तारीख सरकली की दाव्याचा आधार सरकतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये तारीख माहीत नसल्यास सगळी शून्ये असलेली तारीख ठेवता येई. पोस्टग्रेस अशी तारीख घेत नाही. तेथे संगणकवाला काहीतरी तारीख घालून काम पुढे ढकलतो. ती कोणती घातली हे लिहून घ्यावे.

पैशाचा रकाना नेमक्या दशांशाचा असावा. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये तो अंदाजी दशांशाचा असतो, ज्यात दहा पैशांसारखी साधी रक्कमही आत अचूक साठत नाही. एका बिलात फरक दिसत नाही, हजारो बिलांच्या बेरजेत दिसू लागतो.

रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे, हे तर आपण सगळेच जाणतो. उधारीची मर्यादा रिकामी म्हणजे अजून ठरविलेली नाही, आणि शून्य म्हणजे या माणसाला उधार देऊ नये. हलविताना रिकाम्याचे शून्य झाले तर जुने भले गिऱ्हाईक काउंटरवरून परत जाते. यात प्रणालीगणिक रीत वेगळी आहे. ओरॅकल काहीही न लिहिलेल्या मजकुराला 'माहीत नाही' असे समजते, पोस्टग्रेस या दोन गोष्टी वेगळ्या मानते. त्यामुळे जुना शोध नव्या ठिकाणी वेगळे उत्तर देऊ शकतो.

नुसती शिल्लक नेऊ नये

काम स्वस्तात व्हावे म्हणून सुचविले जाते की, ३१ मार्चची शिल्लक तेवढी नव्या दप्तरात टाका, जुने जाऊ द्या. आमच्या मते हे धोक्याचे आहे, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले, कराचे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय दर बदलतात. तयार कपड्यांवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत नगाला एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा अडीच हजार झाली व त्यावरील कपड्यांवर १८ टक्के कर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये दीड हजाराला विकलेल्या कपड्याचे बिल १२ टक्क्यांचेच राहिले पाहिजे. नव्या दप्तरात फक्त आजचा दर नेला तर तेच बिल पुन्हा छापताना ५ टक्क्यांचे होईल. म्हणून दराचा तक्ता 'केव्हापासून लागू' या तारखेसह न्यावा.

दुसरे, उधारीचे. एक रकमी शिल्लक कोणत्या बिलांची आहे, हे सांगता आले नाही तर ती मागायची कशी?

तिसरे कारण आपल्या दीनशी निगडित आहे. जकातीचे वर्ष चांद्र असते. कोणी रमजानच्या पहिल्या तारखेला हिशेब धरतो, कोणी अन्य तारखेला. ती तारीख दर वर्षी इंग्रजी वर्षात सुमारे दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि ३१ मार्चशी तिचा संबंध नसतो. त्या दिवशी दुकानात माल किती होता, येणे किती होते, देणे किती होते, हे रोजच्या नोंदींवरूनच काढता येते. मागल्या एखाद्या वर्षाची अडीच टक्के जकात पुन्हा तपासायची झाली आणि दप्तरात फक्त मार्चअखेरची शिल्लक असली, तर माणूस अंदाजावर येतो.

चावडी वाचन

या कामात तपासणी कशी करावी, याचा उत्तम नमुना आपल्या राज्यातच आहे. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याच्या केंद्राच्या योजनेत १९८८-८९ साली देशातील आठ जिल्हे निवडले गेले, त्यांत वर्धा होता. पुढे महाराष्ट्रभर तलाठ्यांच्या हातचे सात-बारा संगणकात गेले. या प्रवासात क्षेत्र, हिस्सा, नाव यांत चुका शिरणारच होत्या. तेव्हा २०१७ साली संगणकीकृत सात-बारांचे गावोगाव चावडी वाचन करण्यात आले. उतारा वाचायचा, खातेदाराने ऐकायचे आणि चूक असल्यास तेथेच सांगायचे, असा तो मार्ग होता. त्यानंतर २०१८ पासून डिजिटल सहीचे सात-बारा मिळू लागले. तरीही राहिलेल्या लेखनदोषांसाठी महसूल संहितेच्या कलम १५५ चा मार्ग आहेच.

यातील शहाणपण असे की, नोंद ज्याची आहे त्यालाच ती वाचून दाखविली. संगणकवाल्याने दिलेला 'सर्व बरोबर' हा अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही. आपणही तेच करावे. आधी मोजदाद करावी. जुन्या दप्तरात गिऱ्हाइके किती, बिले किती, वसुलीच्या नोंदी किती, एकूण येणे किती, आणि नव्यात किती. नंतर हीच बेरीज गाववार व महिनावार करावी. पण बेरीज जुळली म्हणजे काम संपले असे नाही, कारण दोन माणसांच्या रकमा आपसात बदलल्या तरी बेरीज जुळते. म्हणून प्रत्येक उधारीच्या खात्याचा उतारा छापून गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मान्य असल्यास त्यावर तारखेसह सही घ्यावी. याचा दुसरा फायदाही आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सहीनिशी देणे मान्य केले तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

वक्फच्या बाबतीत अलीकडे घडले ते ध्यानात ठेवावे. वक्फ मालमत्तांची नोंद पूर्वी 'वामसी' या संगणकीय व्यवस्थेत होती. ६ जून २०२५ रोजी 'उमीद' हे नवे पोर्टल सुरू झाले आणि मालमत्तांचा तपशील त्यावर नव्याने भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. जुन्या पोर्टलवर नोंद आहे, एवढ्यावर भागले नाही. अशा वेळी मशीद, दर्गा, कब्रस्तानच्या विश्वस्तांच्या हाती असलेला सात-बारा, फेरफार आणि राजपत्रातील नोंद हाच खरा आधार ठरतो.

इंग्लंडचा धडा

एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडच्या टीएसबी बँकेने आपल्या सुमारे बावन्न लाख ग्राहकांचे दप्तर एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेले. पुढे तेथील नियामकांनी नमूद केले की, माहिती स्वतः नीट पोचली होती, पण नवी प्रणाली लगेच कोलमडली. लाखो लोकांना आपले खाते उघडता येईना, काही जणांना तर दुसऱ्याची खाती दिसली. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला चार कोटी साडेशहाऐंशी लाख पौंडांचा दंड झाला.

म्हणजे माल पोचला तरी दुकान उघडेलच असे नाही. आपण एका रात्रीत उडी घेऊ नये. निदान एक महिना दोन्ही दप्तरे बरोबर चालवावीत आणि रोज संध्याकाळी दोन्हींचा रोजमेळ ताडून पाहावा. काम दुप्पट होते, हे खरे. म्हणून रमजान-ईद, दिवाळी, लग्नसराई आणि मार्चअखेर टाळून पावसाळ्यातील मंदीचे दिवस निवडावेत. परत फिरण्याची वाट आणि तिचा शेवटचा दिवस आधीच ठरवून ठेवावा.

जुने दप्तर जपावे

नवे चालू झाले म्हणून जुने पुसू नये. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि त्यांत पुढे काही लिहू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. जुनी प्रत बंद करतानाच तिचा ठसा काढून दोघांच्या सहीने लिहून ठेवावा.

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. लिहिणारा न्यायी असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तिच्यात आहे. लिहिण्याचे साधन बदलले म्हणून ही जबाबदारी संगणकवाल्यावर जात नाही. तो हमालाप्रमाणे ओझे नेऊन देईल. ओझ्यात कोणाकोणाची अमानत आहे, हे दुकानदारालाच ठाऊक असते. तेव्हा काम देण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. जुने क्रमांक कायम राहतील का, नाकारलेल्या नोंदींची यादी मिळेल का, दोन्ही दप्तरे बरोबर किती दिवस चालतील, आणि नव्या दप्तरातून आपली माहिती उद्या बाहेर काढता येईल का. चौथा प्रश्न विसरू नये, कारण हेही दप्तर कधीतरी हलवावे लागणारच आहे.